हं म्हणत जा

"पहिल्याच वाक्यात माफी कशाला मागतेस, आई?"

"पद्धत असते गं. कुणाचा वेळ घ्यायचा म्हटल्यावर…"

"तू कादंबरी पाठवतेयस. कुणाच्या पायावर पाय नाही दिलास."

आई खुदकन हसली. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मायलेकी समोरासमोर बसल्या होत्या. मधे चहाचे दोन कप आणि प्रकाशकाला पाठवायच्या पत्राचा कच्चा कागद. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून येत होतं, आणि त्यात सगळंच जरा पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं.

'आपला अमूल्य वेळ घेतल्याबद्दल क्षमस्व' या ओळीवर लेकीने पेन्सिलीने रेघ मारली. पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची तिची नोकरी. दुसऱ्यांची वाक्यं सरळ करता करता तिच्या डोक्यात पांढरे केस आले होते.

आई टेलिफोन ऑपरेटर होती. नोकरीभर इकडचा आवाज तिकडे जोडून दिला. निवृत्त झाली, गुडघे कुरकुरायला लागले, आणि मग एके दिवशी बसून तिने सोळा-सतरा वर्षांच्या पोरापोरींसाठी एक अद्भुत प्रेमकथाच लिहायला घेतली. नातलगांनी गालातल्या गालात हसून घेतलं. धाकटी मावशी तर तोंडावरच म्हणाली, "या वयात प्रेमकथा?" त्यावर आई म्हणाली, "मग कुठल्या वयात लिहू? तेव्हा ड्यूटी होती."

"आता गोष्ट," लेक म्हणाली. "थोडक्यात सांगायची. ती कोण, तिला काय हवंय, आड काय येतंय. शेवट मात्र सांगायचा नाही."

"शेवट नाही सांगायचा? तोच तर चांगला जमलाय."

"म्हणूनच नाही सांगायचा. वाचणाऱ्याने 'मग?' म्हणायला हवं."

आई तिच्याकडे बघत राहिली. "तू म्हणायचीस."

"काय?"

"मग? मग? उशीवरून सारखं चालायचं तुझं. गोष्टीतली राजकन्या झोपून जायची, तू काही झोपायची नाहीस. आणि एक दिवस म्हणालीस, 'असं कसं होईल?' झालं, माझं दुकानच बंद."

"बरं, वाच आता."

आईने चष्मा वर सरकवला. वाचताना तिचा आवाज बदलायचा. ऑपरेटरचा व्हायचा, स्वच्छ आणि थोडा दुरून आल्यासारखा.

"'दोन राज्यांच्या मधे एक दरी आहे. तिच्यातलं धुकं कधी विरत नाही. दरीवरच्या पुलावर उभी राहून सोळा वर्षांची एक मुलगी इकडचे निरोप तिकडे सांगते. तिने स्वतःचं एकही वाक्य बोलायचं नाही. बोलली, तर तिचा आवाज कायमचा जाईल. एके दिवशी पलीकडच्या धुक्यातून एक मुलगा विचारतो, निरोप पोचले, पण तू कशी आहेस?'" आई थांबली. "आहेस ना?"

"समोरच तर बसलेय."

"मग हं म्हणत जा. हं आलं नाही की मला वाटतं, लाइन गेली."

"हं," लेक म्हणाली. पण तिची नजर 'पोचले' लिहावं की 'पोहोचले', यात अडकली होती.

पत्राच्या तळाशी आणखी एक ओळ होती. 'ही गोष्ट मी माझ्या मुलीसाठी लिहिली आहे.' तिच्यावर पेन्सिल टेकली.

"हे कशाला? संपादकाला आपल्या घरातलं काय करायचंय?"

"राहू दे ना. पडून राहील कोपऱ्यात."

"पत्र ढिलं पडतं गं त्याने."

"बरं. काढ."

रेघ मारून झाली. आई कपाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "कशी वाटली गं तुला?"

"चांगलं झालंय आता. आटोपशीर."

"पत्र नाही विचारत."

लेकीने कादंबरी दोनदा वाचली होती. पहिल्यांदा चुका काढायला. दुसऱ्यांदा पेन्सिल लांब ठेवून, आणि तेव्हा शेवटच्या पानाशी तिला चष्मा काढून ठेवावा लागला होता. ते सगळं सांगायला तिने तोंड उघडलं.

"शुद्धलेखन पुष्कळ सुधारलंय तुझं," ती म्हणाली.

"चला, पास झाले म्हणायची," आई हसली. उठून तिने कप नळाखाली धरले. "उद्या नीट उतरवून काढू आणि टाकू पोस्टात."

सकाळी आई उठलीच नाही. झोपेतच गेली. माणसं येऊन गेली. "चालत्याबोलत्या गेल्या, भाग्याच्या," असं शेजारीण म्हणाली. मग घर शांत झालं. धुक्यात बुडाल्यासारखं. भांडी, पडदे, दारं, सगळं होतं तिथेच होतं, पण हात लावेपर्यंत खरं वाटत नव्हतं.

पुष्कळ दिवसांनी तिने तो कागद टेबलावर घेतला आणि पत्र कोऱ्या कागदावर उतरवू लागली. 'मी निवृत्त टेलिफोन ऑपरेटर आहे.' इथे तिचा हात थांबला. नियमाने 'मी'च्या जागी 'माझी आई' यायला हवं होतं, आणि 'आहे'च्या जागी 'होती'. अशा चुका ती झोपेतही पकडायची. तिने वाक्य होतं तसं उतरवलं. 'क्षमस्व' गाळलं. 'ही गोष्ट मी माझ्या मुलीसाठी लिहिली आहे' ही ओळ परत घातली. त्याखाली थोडी जागा सोडून स्वतःची एक ओळ लिहिली: 'लेखिका आता हयात नाहीत. उत्तर मला कळवावे, मी निरोप पोचवीन.'

मग पाकीट बंद करण्याआधी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. दरी, धुकं, पूल. आई जिथे जिथे थांबली असती, तिथे तिथे ती थांबली. आणि थांबली की हलकेच म्हणे, "हं."

पत्रातली गोष्ट पुलावरची मुलगी उत्तर द्यायला तोंड उघडते तिथे संपत होती. पुढचं तिला ठाऊक होतं, अगदी विरामचिन्हांसकट. कागद खाली ठेवून ती समोरच्या खुर्चीकडे बघत राहिली. पडद्यातून गाळलेलं ऊन तिथे येऊन बसलं होतं.

"मला खूप आवडली गं, आई."

आवाज कापरा झाला, पण गेला नाही. ती जरा पुढे झुकली. टेबलावर कोपर टेकून, हनुवटी तळहातावर ठेवून.

"मग?" तिने विचारलं.