गुड, गुडर, गुडेस्ट

दुपारची जेवणं आटोपली की आई शिवणयंत्रावर बसायची आणि धाकटी तिच्या पायाशी पुस्तक उघडायची, हा त्या एका खोलीतला रोजचा शिरस्ता. आईने उशांचे अभ्रे शिवायचे, लेकीने मोठ्याने पाठ करायचं. आईला आता स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नव्हतं, पण कान तिखट होते.

त्या आठवड्यात इंग्रजीतली तुलनेची विशेषणं चालली होती.

"टॉल, टॉलर, टॉलेस्ट," धाकटी म्हणाली. "हे सोपं. नुसती शेपटी जोडायची. पण गुडचं तसं नाही हं. गुड, बेटर, बेस्ट."

"गुडर का नाही गं?"

"तो नियमात बसत नाही. रूपच पालटतं. बॅडचंही तसंच. बॅड, वर्स, वर्स्ट. मूळचा शब्द ओळखूच येत नाही."

पायडलवरचा आईचा पाय थांबला. तिला थोरली आठवली. पंधराव्या वर्षी लग्न करून दिलेली. गेल्या महिन्यात ती दारात उभी राहिली तेव्हा आईने विचारलं होतं, "कोण पाहिजे?" पोटच्या पोरीला! कडेवर एक, पोटात दुसरं, गालफडं बसलेली, आणि वय सतरा. चार दिवसांनी तिच्या बापानेच तिला परत सासरी पोचवलं होतं.

हा बाप दुकानांच्या पाट्या रंगवायचा. इंग्रजी अक्षरं अशी रेखीव काढायचा की बघत राहावं, पण वाचता एक येत नसे. अर्थ कळायचा तो एकाच शब्दाचा, कारण दर दुसऱ्या पाटीवर तो असायचाच.

"धाकटीला स्थळ बेस्ट आहे," त्या संध्याकाळी हातावरचा रंग खरवडत तो म्हणाला. "मुलगा अठ्ठावीसचा, स्वतःची बेकरी. रविवारी येतायत."

"अहो, ती पंधराची आहे."

"तू किती होतीस?"

थोरलीच्या वेळीही त्याने हेच विचारलं होतं. आई पुन्हा अभ्रे शिवायला बसली.

धाकटीने मात्र दुसऱ्या दिवशी आईच्या कानात बेत सांगितला. मुलाचे काका म्हणे मुलींना इंग्रजीतून प्रश्न विचारतात. मग मुद्दाम चुकायचं! ढ मुलगी कोण करून घेणार? दोघी तोंडावर हात ठेवून हसल्या. तीन दुपारी धाकटीने चुकीचं पाठ केलं, आणि बरोबर पाठ करण्यापेक्षा ते तिला फार जड गेलं.

रविवारी पाहुणे आले. काका खुर्चीत ऐसपैस बसले, बेकरीवाला बाजेवर अंग चोरून. यंत्रावर चादर टाकून आई त्याच्याच आडोशाला उभी राहिली.

"हं, गुडचं सांग बरं," काका म्हणाले.

"गुड, गुडर, गुडेस्ट."

बापाची मान खाली गेली. काका मात्र खो खो हसले.

"पसंत! अहो, मागची मुलगी फाडफाड बोलत होती. तसली घरात आणायची म्हणजे उद्या आपल्यालाच शिकवणार. ही बरी. पंधरा दिवसांत उरकून टाकू."

धाकटी एकदम ओरडली, "नाही, नाही, मला येतं! गुड, बेटर, बेस्ट! बॅड, वर्स, वर्स्ट! सगळं येतं मला!"

"येऊ दे गं," काका समजुतीने म्हणाले. "लग्नानंतर विसरशील."

चुकली तरी पसंत, बरोबर आलं तरी पसंत! पोरीने जायचं तरी कुठल्या दाराने? ती आईकडे बघू लागली. आईला तिची नजर सोसवेना.

"खरंय, विसरते," आई पुढे येत म्हणाली. "मीही अक्षरं गिरवली होती, विसरले. थोरली विसरली."

"तू आत जा," बाप गुरकावला.

"आत कुठे जाऊ? एकच तर खोली आहे." ती जागची हलली नाही. "मला पंधराव्या वर्षी इथे आणलं, ते बॅड. थोरलीला पंधराव्या वर्षी धाडलं, ते वर्स. कारण तेव्हा मला सगळं ठाऊक होतं आणि तरी मी गप्प बसले. तिसरा शब्द मी होऊ देणार नाही. पाहुणे, तुम्ही निघा."

काकांनी बापाकडे पाहिलं. बाप बायकोकडे बघत होता, जणू तिला आज प्रथमच बघतोय. पाहुणे उठले. त्यांच्या पाठोपाठ रंगाचे डबे उचलून तोही निघाला. "दुसरं स्थळ आणीन," दारातून तो म्हणाला, "मग बघतो किती शब्द येतात तुला." आणीलही. वाचकहो, अशी स्थळं आणणारे आणि ती बेस्ट आहेत म्हणणारे आपल्याही ओळखीत असतील. त्यांना आपण कधी उठवून लावलं आहे?

आई यंत्रावर बसली. सुईत दोरा जाईना. तो धाकटीने ओवला.

"पुस्तक काढ," आई म्हणाली. "आणि उद्या शाळा सुटली की थेट घरी ये. आपल्याला थोरलीला आणायला जायचंय."

"बाबा?"

"बघू. पण या वेळी मी तिला लांबूनच ओळखीन."