माझ्या पाठीतला नकाशा

मित्रांनो, मी एक जुना पहिला भाग आहे. सातशे बारा पानांचा. उशाला घेतलात तर मान अवघडेल, छातीवर ठेवलात तर दम लागेल. माझ्यामागे सहा भाऊ आहेत, भाग दुसरा ते भाग सातवा. फळीवर त्यांच्याकडे बघा, कपडे अजून इस्त्रीचे. माझे मात्र कोपरे झिजलेत, पाठीचं कापड विरलंय, एकशे चाळिसाव्या पानावर कुणाच्या तरी चहाचा गोल आहे. मला त्याचं काही वाटत नाही. उंबरा आधी थोरला ओलांडतो, तेव्हा चप्पल आधी त्याचीच झिजणार. वाचणाऱ्याला घराबाहेर काढायचं काम माझं. एकदा तो निघाला, की पुढचं भाऊ बघून घेतात.

आता माझ्या पोटात काय आहे ते सांगतो. एक कुंभारीण आहे. तिला एक तडकलेली घंटा सात खिंडी ओलांडून पलीकडच्या ओताऱ्याकडे नव्याने ओतून घ्यायला न्यायचीय. घंटा वाटेत वाजली तर डोंगरात झोपलेले अजगर जागे होतात. सोबत चार घोडे, एक भित्रा सैनिक आणि एक म्हातारी, जी काय खरं बोलते नि काय खोटं, ते मला स्वतःलाही अजून कळलेलं नाही. सगळं खोटं आहे, मित्रांनो. पण पहिलं पान उलटलंत की तुमचे पाय थंड पडतात, कारण तिथे बर्फ आहे. ही माझी ताकद. उगाच लाजायचं कशाला?

छापखान्यातून निघालो तेव्हा माझ्या पहिल्या पानाआधी एक घडीचा नकाशा होता. मी लोकांच्या हातात इतका फिरलो की सहा वर्षांत खिळखिळा झालो. मग वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंनी मला बाइंडरकडे धाडलं. बाइंडर हाताचा सोन्यासारखा, पण वाचायचा नाही. माझे फर्मे, म्हणजे शिवलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे केले तेव्हा तो नकाशा घडीवर फाटून निराळा पडला. बाइंडरला वाटलं, रद्दीचा तुकडा. जाड कागद बघून त्याने तो खळ लावून माझ्या पाठीला आतून अस्तर म्हणून चिकटवला, वर कापड ओढलं. पाठ झाली दगडासारखी. नकाशा गेला आत. बाई तक्रार करायला गेल्या, तर म्हणे, "बाई, मी कागद फेकत नसतो, कुठेतरी लागलाच असेल." खरंच बोलला बिचारा.

तेव्हापासून माझे वाचक वाटा चुकायला लागले. काही कंटाळून परत द्यायचे. बाईंच्या तोंडून दोनदा ऐकलं, ह्याला काढून टाकावं का? मी फळीवर ताठ बसून राहिलो. दुसरं करणार काय?

अशात औषधांच्या दुकानात काम करणारी एक लेक मला घरी घेऊन गेली. तिचे वडील चाळीस वर्षं ट्रक चालवलेले, सगळे त्यांना उस्ताद म्हणायचे. अपघातात त्यांचा पाय मोडला होता. हाड जुळलं, काठी आणली, डॉक्टर म्हणाले आता चाला, नाहीतर पाय कायमचा आखडेल. उस्ताद खिडकीशी खाट टाकून बसले ते बसलेच. कुठे जायचंय मला, एवढंच म्हणायचे. लेक रागावली, रडली, अबोला धरून झाला. शेवटी दुपारच्या सुट्टीत जेवायला यायची तेव्हा मला वाचून दाखवायला लागली.

पहिल्या दिवशी उस्तादांनी मला नावं ठेवली. चार घोडे, एवढं ओझं, सगळा चढ, आणि पाणी कुठे? "हा लिहिणारा जन्मात घाट चढलेला नाही," म्हणाले. दुसऱ्या दिवशी बावन्नाव्या पानावर झरा आला. बरोबर तिथेच, जिथे घोडे थकायला हवेत. उस्ताद खाटेवर सरसावून बसले. मग म्हणाले, "मागचं पान परत वाच गं."

बस्स, मासा गळाला लागला. लेक कामावर गेली की चष्मा लावून स्वतःच वाचायला लागले. नकाशा नाही म्हणून कॅलेंडरच्या पाठीवर स्वतः काढला. खिंडी, वळणं, कुठे पाणी, कुठे मुक्काम. अजगरांच्या डोंगरापाशी लिहिलं, 'इथे हॉर्न वाजवू नये.'

माझ्या शेवटच्या पानावर कुंभारीण दुसऱ्या खिंडीच्या दारावर थाप मारते, आणि आतून तिच्या मेलेल्या भावाचा आवाज येतो. संपलो मी. उस्तादांनी मला उलटं करून झटकलं, जणू आणखी पानं गळतील.

लेक दुसरा भाग मागायला गेली, मी तिच्या पिशवीत. पण बाईंचा जुना नियम होता. काही बहाद्दर पहिला भाग न वाचताच दुसरा न्यायचे आणि काही कळत नाही म्हणून बोंबलायचे. म्हणून ज्याने वाचलं त्यानेच यायचं, आणि गोष्ट कुठे थांबली ते सांगायचं. लेकीने सगळी हकीकत सांगितली. बाईंनी मला परत पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, "मग तर माझा नियम कडकच बरा."

उस्तादांनी दोन दिवस बाईंचा उद्धार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी काठी मागितली.

वाचनालय वरच्या मजल्यावर, बावीस पायऱ्या. मी त्यांच्या काखेत होतो, तेव्हा मला सगळं कळत होतं. नवव्या पायरीवर त्यांनी कठडा धरला. लेक मागे दोन्ही हात पसरून, पण हात लावत नव्हती. "पहिल्या गिअरमध्ये आहे, मागून घाई नको," म्हणाले. तेराव्या पायरीवर बसले. मला वाटलं, आता परत. पण माझ्यावर तळवा टेकून उठले.

बाईंनी विचारलं, गोष्ट कुठे थांबली?

उस्ताद धापा टाकत म्हणाले, "दारात. आणि तुम्ही मलाही दारातच उभं केलंय."

बाई उठल्या, स्वतःची खुर्ची दिली, दुसरा भाग हातात दिला. मग उस्तादांनी खिशातून कॅलेंडरचा तो कागद काढला. बाईंनी तो माझ्या पहिल्या पानाआधी नीट चिकटवला. त्या दिवसापासून मी फळीवर आठवडाभर टिकत नाही. उस्ताद सध्या पाचव्या भागावर आहेत. काठी खाली जिन्यापाशीच ठेवून येतात.

तर मित्रांनो, थुंकी लावून पानं उलटू नका, कोपरे दुमडू नका. आणि पहिला भाग घरी दडवून ठेवू नका. तो अडकला की कुणीतरी खिडकीशी बसूनच राहतं.

आणि एक आपल्यातलं. खरा नकाशा अजून माझ्या पाठीत आहे. उस्तादांची एक नदी चुकलीय, ती डावीकडून वाहते. पण पुन्हा शिवायची वेळ आली, तर बाइंडरला सांगा, पाठ उघडू नकोस. माझी वाचणारी माणसं त्याच चुकलेल्या नदीवरून पोचलीत.