एकोणीस नंबरची कुंडी

मित्रांनो, मी एक जुनी मातीची कुंडी आहे. माझ्या पोटावर पांढऱ्या रंगात एकोणीस हा आकडा आहे. कुंभाराने मला घडवले, भाजले आणि मी पिकांवर संशोधन करणाऱ्या केंद्राच्या काचघरात आले.

तिथल्या संशोधक बाई चार वर्षे भुरीच्या मागे हात धुऊन लागल्या होत्या. भुरी म्हणजे टोमॅटोच्या पानांवर पिठासारखी पसरणारी बुरशी. टोमॅटोचेच एक जनुक या बुरशीला आत शिरू देते, ते बाई नेमके निकामी करू पाहत. काचघर सांभाळणाऱ्या माळीकाकांना हे पटायला वेळ लागला. मग ते म्हणाले, म्हणजे चोराला दार उघडणारा घरचाच आहे तर!

एकदा असा प्रयोग केलेली तीस रोपे तयार झाली; कोणात तो साधला, ते बघायचे होते. एक माझ्या वाट्याला आले. बाईंनी रोपांवर मुद्दाम भुरी फवारली आणि एकाची दुसऱ्याला लागू नये म्हणून रोपांवर वेगवेगळी आच्छादने घातली. तीन आठवड्यांत एकोणतीस रोपे पांढरी पडली. माझे मात्र हिरवेगार! केंद्रप्रमुख धावत आले, फोटो निघाले. बाईंचे पाय जमिनीवर ठरेनात.

मला खरे ठाऊक होते, पण तोंड नव्हते. माळीकाकांना दोन दिवस घास गोड लागला नाही. तिसऱ्या दिवशी ते बाईंसमोर उभे राहिले.

"बाई, फवारणीच्या वेळी एकोणीस नंबर आत नव्हतीच. बूड तडकलं होतं, म्हणून मी दुरुस्तीला बाहेर नेली होती. संध्याकाळी परत ठेवली आणि वर आच्छादन घातलं."

दुसऱ्याच दिवशी अहवाल जायचा होता. बाईंनी तो मिटून बाजूला ठेवला.

"बरं झालं काका, आज सांगितलंत," त्या म्हणाल्या. "हे रोप शेतात गेल्यावर कळलं असतं तर लोकांची पिकं गेली असती."

अहवाल थांबला. प्रमुखांची बोलणी बाईंनी एकटीने खाल्ली, काकांचे नावही घेतले नाही. मग माझ्या रोपावर भुरी फवारली गेली. शेजारी तुलनेसाठी एक साधे रोप ठेवले. दहाव्या दिवशी त्याच्यावर ठिपके दिसले. काका रोज चष्मा पुसून माझ्या रोपाचे एकेक पान तपासत. एकविसाव्या दिवशी ते हळूच म्हणाले, "बाई, एकही ठिपका नाही."

बाईंनी तरी आणखी दोनदा फवारले. रोप हिरवेच राहिले. आता त्याच्या बियांची रोपे चाचणीच्या शेतात डोलत आहेत.

काचघरात हल्ली प्लास्टिकचे ट्रे आले आहेत. मी दाराबाहेर असते, एक फुलझाड सांभाळते. माझे बरे चालले आहे.

मित्रांनो, हातून चूक झाली तर सांगायला उशीर करू नका. आणि घरी एखादे रोप असेल, तर पाणी घालताना त्याचे पान उलटून बघत जा. ते बिचारे आपणहून काही सांगत नाही.