ओठ हलवा, आवाज नको

मित्रांनो, मी एक जुना माईक, सिनेमाच्या शूटिंगमधला. पडद्यावर चुकून दिसलो तर ओरडा खायचा, म्हणून लांब काठीच्या टोकाला लटकून, चौकटीबाहेर राहून ऐकायचं, एवढंच माझं आयुष्य. जर्मनीतल्या एका कारखान्यात जन्मलो. तरुणपणी कौतुक फार झालं. पुढे बोटभर लांबीचे, बिनवायरचे माईक आले आणि मी एका कपाटात मोज्यांशेजारी जाऊन पडलो. तिथून मला वैभवीनं उचललं. ती साउंड रेकॉर्डिस्ट, विलायतेतल्या, एअरपोर्टला लागून असलेल्या हाउन्सलोमध्ये जन्मलेली, घरात मराठी ऐकत वाढलेली.

मागच्या वर्षी तिथल्याच एका लाँड्रेटमध्ये, म्हणजे नाणी टाकून मशीनवर कपडे धुवायच्या दुकानात, कोरियन सिनेमा शूट झाला. गोष्ट साधी. सोलहून आलेली एक विधवा तिथे कामाला लागते, आणि महिनोन्‌महिने तिच्याशी कुणी बोलतच नाही. दिग्दर्शिका हानबाईंना मागे खरीखुरी वस्ती हवी होती, म्हणून आसपासच्या बायका बोलावल्या. त्यांत लीलावती आजी. तीस वर्षं एअरपोर्टच्या किचनमध्ये ट्रे भरलेल्या.

आता सिनेमातला एक रिवाज सांगतो. मागच्या माणसांनी बोलायचं नसतं, बोलल्यासारखे नुसते ओठ हलवायचे. आणि मागे कुणाला उभं करतात, हे मला इतक्या वर्षांत पाठ झालंय.

आजींना ते जमेना.

"मुक्यानं काय बोलायचं? मासा आहे का मी?"

"आजी, प्लीज," वैभवी काकुळतीला आली. "अजून एकदा बोललात तर ते तुम्हाला घरी पाठवतील."

पुढचा टेक. नायिका भली मोठी चादर एकटीच घडी करत होती. टोक सारखं जमिनीला लागत होतं. आजींनी तीनदा नुसते ओठ हलवले. चौथ्यांदा राहवलं नाही.

"अगं, ते टोक दे इकडे! एकटीनं होते का डबलबेडची चादर?"

शब्द एकही कळला नसेल, पण नायिकेनं टोक पुढे केलं. दोघींनी चादर ताणली, झटकली, घडी केली. डोक्यावरून सतत विमानं जातात, पण तेवढ्या वेळात एकही आलं नाही. मी श्वास रोखून सगळं टिपलं.

"टेक वाया," सहायक दिग्दर्शक म्हणाला. "आवाज काढून वर म्युझिक टाकू."

कधी कुणाशी वाद न घालणाऱ्या वैभवीनं हेडफोन काढून हानबाईंच्या कानांना लावला. "आधी ऐका."

त्यांनी दोनदा ऐकलं, अर्थ विचारला आणि हसल्या. "माझ्या नायिकेशी कुणीतरी पहिल्यांदा बोललं. हे मराठीतच राहणार."

वैभवी नाचत आली. "आजी, तुमचा आवाज एकदम क्लीन आला!"

"येणारच. चहा आला का?"

यंदा मार्चमध्ये सिनेमा लागला आणि थिएटर भरलं. सिनेमानंतरच्या गप्पा रेकॉर्ड करायला मलाही नेलं होतं. आजींचं वाक्य आलं, खाली कोरियन आणि इंग्रजी अक्षरं. कोरियन, पंजाबी, सोमाली, मराठी, सगळे एकदम हसले. टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. तिकडे पडद्यावर नायिका काहीतरी बोलू लागली होती.

आजी ताडकन उभ्या राहिल्या. "शूऽऽ! टाळ्या मग वाजवा. ती काय म्हणतेय ते ऐकू द्या की!"

मराठी न कळणारेसुद्धा चिडीचूप झाले.

मित्रांनो, मला ओलाव्यापासून जपा, माझी वायर पिळू नका. बाकी माझं मागणं तेच, जे आजींनी उभं राहून सांगितलं.