पलंगात वायर नको

आइंडहोव्हनच्या त्या परिषदेचा विषय होता पडद्याऐवजी वस्तूंना हात लावून संगणक वापरणं. दालनभर मांडलेलं सगळं हाताळण्यासाठीच होतं. तरी लोक माझ्या लोकरीच्या उशीचे नुसते फोटो काढायचे आणि पुढे सरकायचे.

माझं लक्ष घड्याळाकडे. चार वाजता जवळच्या हेल्मोंड गावचा वृद्धाश्रम चालवणारी ट्रूस येणार होती. माझी उशी कुरवाळली की जुनी गाणी गुणगुणते. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी ट्रूसला तशा बारा हव्या होत्या, आणि ठरवायचं होतं आजच. अट एकच, पलंगात वायर नको.

साडेतीनला मी वायर काढून बॅटरी लावली, आणि उशी मुकी झाली. तीन महिने मी ती संगणकाला जोडूनच तपासली होती. बॅटरीवर एकदाही नाही. मी शिवणकाम करणारी, हे सगळं घरी वाचून शिकलेली. शेजारच्या टेबलावरचा रूर्ड म्हणाला, "रीट, लाजू नकोस, इथे डॉक्टरेटवालेही आपटतात. उशीला माणूस कळत होता तो वायरमुळे. वायरीतून तिला अर्थिंग मिळायचं, बॅटरीवर ते नाही."

खटपटीअंती एक उपाय सापडला. बॅटरीची उघडी तार पाहुण्याच्या हाती कशी द्यायची, म्हणून ती मी एका हातात धरायची आणि दुसऱ्या हाताने समोरच्याचा मोकळा हात. मग त्याने कुरवाळलं की उशी गाते.

ट्रूस आली तेव्हा मी तसंच केलं. गाणं सुरू झालं. तेवढ्यात परिषदेतल्या स्पर्धेच्या परीक्षक प्राध्यापिका तिथे थांबल्या. हात धरल्याशिवाय गायचंच नाही, किती धाडसी कल्पना, म्हणाल्या. मी म्हटलं, हा बिघाड आहे. त्यांनी कौतुकाने हसून वहीत आणखी काहीतरी लिहिलं.

ट्रूसने गाणं संपेपर्यंत हात सोडवला नाही. मग म्हणाली, "अगं, तीस म्हाताऱ्यांमागे माझ्याकडे दोन बाया. हात धरायला कुणी असतं तर तुझ्याकडे उशी कशाला मागितली असती?"

हात न धरता बॅटरीवर चालवून दाखवते, महिनाभर दे, असं मी विनवलं. पण आश्रमाला मिळालेले पैसे याच आठवड्यात खर्चायचे होते, नाहीतर परत जाणार होते. "प्लास्टिकची मांजरं घेते. ती एकटी म्याव तरी करतात," म्हणत तिने कोट चढवला. दारातून वळून उशी छान आहे म्हणाली, तेही मनापासून.

संध्याकाळी पहिलं बक्षीस मला मिळालं. मंचावर दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा मी सरळ सांगितलं की उशी नादुरुस्त आहे. सगळे पोट धरून हसले, मग बराच वेळ टाळ्या वाजल्या.