सहा पानांची पंगत

नॉर्वेची बाई येणार म्हटल्यावर भाईंनी कुडाळच्या बाजारातून प्लॅस्टिकचं टेबल, खुर्च्या आणि काटे-चमचे आणले. भाई म्हणजे रसिकाचे थोरले दीर. बायको गेल्यावरही घरात शब्द त्यांचाच चाले. वालावलच्या खाडीकाठी घराला लागून खोल्या बांधायच्या आणि पर्यटक ठेवायचे, ही कल्पनाही त्यांचीच. रांधायचं मात्र रसिकाने.

"तिका तिखट देव नको," त्यांनी बजावलं. "उकडलेले बटाटे, अंडी, ब्रेड. आजारी पडली तर आमचा नाव जातला."

इंगा पन्नाशीची होती, उंच, उन्हाने लालबुंद झालेली. पहिल्या संध्याकाळी तिने टेबलावरच्या बटाट्यांकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत तिरफळं घातलेलं बांगड्याचं सार उकळत होतं. ती अक्षयाला इंग्रजीत काहीतरी म्हणाली. अक्षया रसिकाची मुलगी, कणकवलीला कॉलेजात शिकणारी. ती हसतच आत आली.

"आई, ती म्हणता, बटाटे तिच्या घराकडेय आसत. तुमी खातास ता तिका वाढ."

त्या दिवसापासून टेबल अंगणात कोंबड्यांच्या उपयोगी पडलं. इंगा ओसरीवर चटईवर बसू लागली. मांडी तिला जमेना. एक पाय पुढे, एक मागे अशी कशीबशी बसायची आणि उठताना खांब धरायची. पहिल्यांदा हाताने जेवली तेव्हा सार मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. रसिकाने तिच्यासमोर बसून भात बोटांच्या पेरांनी कसा कालवायचा ते दाखवलं. तोंडात आलेला काटा जिभेने कसा बाजूला घ्यायचा, तेही. नाकाडोळ्यांतून पाणी गळत असताना बाई पुन्हा वाटी पुढे करायची. सकाळी उकड्या तांदळाची पेज प्यायची, चपला पायरीखाली काढायची, विहिरीवर आधी पाय धुवायची. रसिकाला तिचं कौतुक वाटायचं. मुंबईचे पाहुणेसुद्धा पेज बघून नाक मुरडत.

एकदा गुरुदासला, म्हणजे रसिकाच्या नवऱ्याला, खाडीत चांगली मोठी तांबोशी मासळी मिळाली. दुपारी भाई, गुरुदास आणि भाईंचे दोन दोस्त जेवायला बसले. पाचवं पान इंगाचं होतं, पण ती ओसरीवर गेलीच नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभी राहिली.

"ती तुमच्यावांगडा जेवतली म्हणता," अक्षया म्हणाली. "तिना वाचल्यान हा, हयल्या बायका मागसून जेवतत. तिका हयच्यासारख्याच रवाचा आसा."

बाहेरून भाईंनी ऐकलं. "बघा," ते दोस्तांना म्हणाले, "परदेशातली बाई, पण आमची रीत तिका समाजली."

पुरुषांचं जेवण रंगलं. भाईंनी आग्रह करकरून दोस्तांच्या पानांत वाढायला लावलं. एरवी पाहुण्याची तुकडी रसिका बाजूला काढून ठेवत असे, पण आज पाहुणीच मागे बसलेली, त्यामुळे ती तुकडीही बाहेर पुरुषांच्या पानांत गेली. शेवटी बायकांची पानं मांडली तेव्हा टोपात शेपटीकडचे तुकडे, अर्धं डोकं आणि तळाचं सार उरलं होतं. चौघीजणी बसल्या. सासू नर्मदाबाई, रसिका, अक्षया आणि इंगा. नर्मदाबाईंनी सवयीने सर्वांत लहान तुकडा स्वतःच्या पानात घेतला.

इंगाने शेपटी आवडीने चोखली. मोबाईलवर त्या रिकाम्या टोपाचा आणि चौघींच्या पानांचा फोटो काढला आणि अक्षयाशी बराच वेळ बोलली.

"काय म्हणता?" रसिकाने विचारलं.

अक्षया जराशी घुटमळली. "म्हणता, ही रीत किती बरी. बायकांका आपलो वेळ मिळता. असली रीत जगात खंय उरली नाय."

रसिकाच्या हातातला घास तसाच राहिला. विजयदुर्गाला तिच्या माहेरी वडील, भाऊ, आई, सगळी एकदम बसायची. आई मधेच उठून वाढायची, वडीलही वाढायचे. लग्न होऊन इथे आली तेव्हा कोणी तिला मागाहून जेव असं सांगितलं नव्हतं. सासूबाई तशा जेवायच्या, म्हणून तीही जेवू लागली. इतकी वर्षं. आणि आता ही बाई सातासमुद्रांपलीकडून येऊन त्याचा फोटो काढत होती.

"तिका सांग," ती अक्षयाला म्हणाली, "पेज शिकलंस ता बरा केलंस. हातान जेवाक शिकलंस, ताय बरा. पण ह्या शिको नको. ही हयली रीत नाय. ही ह्या घराची खोड आसा."

अक्षयाने सांगितलं. इंगाचा चेहरा आणखी लाल झाला. तिने मोबाईल ठेवून दिला आणि माफी मागितली.

"माफी कित्याक? तू पावणी," रसिका म्हणाली. "ह्या माझा मी बघतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने ओसरीवर ओळीने सहा पानं मांडली. भात, सार, तळलेले शेवटे मासे, सोलकढी, सगळं मधोमध आणून ठेवलं. भाई हातपाय धुऊन आले आणि थांबले.

"ही पानां कोणाची?"

"आमची सगळ्यांची. बसा."

"पावण्या बाईक आमची रीत आवाडली, आणि तू मोडतंस?"

"तिका काय आवाडता ता बघून मी जेवतलंय काय, भाई?"

गुरुदास खाली मान घालून उभा होता. तो कोणाचीच बाजू घेत नसे, आजही घेतली नाही, पण भूक लागली होती म्हणून बसला. अक्षया बसली. इंगा खांब धरून बसली. नर्मदाबाई दारातच होत्या, पदर तोंडाला लावून.

"आये, तूय आता झिलांच्या पंगतीक बसतलंस?" भाई म्हणाले.

म्हातारीने लेकाकडे पाहिलं, मग पानाकडे. "माका भूक लागली हा रे," ती म्हणाली, आणि सावकाश गुडघे मोडून बसली.

भाई खांद्यावरचा पंचा झटकून देवळाकडे निघून गेले. गुरुदास त्यांना बोलवायला उठू लागला.

"बस," रसिका म्हणाली. "पान मांडलेला आसा. ते रागान गेले, उपाशी कोणी धाडूक नाय."

ती स्वतःही बसली. कान पायरीकडे लागले होते. मग शेवट्याची तुकडी तोडली, तव्यावरून नुकती उतरलेली, बोटांना चटका देणारी, आणि तिच्या लक्षात आलं की या घरात आपणच तळलेला मासा असा गरम आपण कधी खाल्लाच नव्हता. नर्मदाबाई दुसऱ्यांदा भात घेत होत्या.

भाई उन्हं कलल्यावर आले. रसिकाने त्यांच्या वाटणीचं झाकून ठेवलं होतं. इतरांएवढीच तुकडी, लहान नाही की मोठी नाही. ते ओसरीवर एकटेच बसले. एक घास खाऊन पान सरकवलं.

"सार गार झाला."

"होय," रसिका म्हणाली. "आमी इतकी वर्सां गारच जेवलव. गरम व्हया तर उद्या वेळार येवा."

दुसऱ्या दिवशी ते पंगतीला आले नाहीत. इंगा गेली त्या दिवशीही आले नाहीत. वाडीत बोलणं झालं, कोणी म्हणालं गोरीने बिघडवलं. रसिकाने ऐकलं आणि कोणाला काही समजावत बसली नाही. रोज दुपारी ती ओसरी पुसून घेते, भाईंचं धरून सगळी पानं मांडते, आणि सार चुलीवरून उतरलं की लगेच सगळ्यांना हाक मारून जेवायला बसते.