दुसरा परिच्छेद

आमचे हे वर्तमानपत्रात होते. असं सांगितलं की लोक विचारत, बातमीदार का? मी म्हणायची, होते. मग आता काय करतात? आता जिवंत माणसांचे मृत्युलेख लिहितात. समोरचा हसायचा, आणि मी हसत नाही हे पाहून विषय बदलायचा.

हे काम खरंच असतं. मोठा माणूस जाताना वर्तमानपत्राला विचारून जात नाही, म्हणून त्याचं आयुष्य आधीच लिहून ठेवावं लागतं. जन्म कुठला, शिकले किती, कोणती पदं भूषवली, मागे कोण आहे. वेळ आली की वर तारीख टाकायची आणि पान लावायचं. असे सगळे लेख कचेरीत एका लोखंडी खणात असत. त्या खणाला सगळे शीतपेटी म्हणत आणि ह्यांना चित्रगुप्त. हे घरी येऊन चपला काढायला लागले की मी विचारायची, आज कोणाला पोचवलंत? "एका गवयाला आणि अर्ध्या न्यायमूर्तींना," हे म्हणायचे. "उरलेले अर्धे उद्या." आमच्या घरात एवढी एकच चेष्टा वर्षानुवर्षं चालली, आणि ती कधी शिळी झाली नाही. आता मात्र ती आठवली की हातातलं काम थांबतं.

ह्यांना त्या खणापाशी नेऊन बसवलं ते बस स्थानकाच्या छपरामुळे. नवं कोरं छप्पर होतं. एका दुपारी, पाऊस नाही, वारा नाही, ते खाली आलं. बसची वाट पाहत बसलेली अकरा माणसं गेली. बांधकाम खातं ज्यांच्याकडे होतं त्यांना सगळं शहर साहेब म्हणे, आणि कंत्राट साहेबांच्या मेहुण्याला मिळालेलं होतं. चौकशी झाली. सिमेंटमध्ये सिमेंट कमी आणि वाळू जास्त होती, असं चौकशी करणाऱ्यांनीच लिहून दिलं आणि ते कागद कुठेतरी दडपले गेले. ह्यांनी ते मिळवले आणि बातमी लिहिली. पान लागलं, आणि छपाईला जायच्या आधी बातमी पानावरून उतरली. तिच्या जागी उसाच्या रसाचे फायदे छापून आले.

सिनेमात अशा वेळी पत्रकार कागद छातीशी धरून धावतो, त्याच्यामागे गाड्या लागतात. तसला एक सिनेमा आम्ही पुढे एकदा पाहिला. हे बाहेर येऊन म्हणाले, "एवढा धावतो, मग लिहितो कधी?" आमच्याकडे कोणी धावलं नाही. संपादकांनी ह्यांना आत बोलावलं आणि चहा मागवला. माणूस वाईट नव्हता, पण नोकरीला भ्यायचा. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की साहेब जिवंत असेपर्यंत हे छापता येणार नाही, दावा लागेल, कचेरीला टाळं लागेल. मेलेला माणूस दावा लावत नाही. साहेबांचा मृत्युलेख तुम्हीच लिहा, त्यात हे सगळं घाला, माझा शब्द आहे, एक अक्षर कापणार नाही. आणि बातम्यांऐवजी आता तेच काम सांभाळा.

हे घरी येऊन म्हणाले, "बढती मिळाली. आता मी माणसं मारतो."

साहेबांचा लेख ह्यांनी त्याच आठवड्यात लिहिला. छपराचा सगळा मजकूर एका परिच्छेदात बसवला होता: कंत्राट कोणाला, वाळू किती, चौकशीचं काय झालं. आणि त्यानंतर गेलेल्या अकरा जणांची नावं, प्रत्येकाच्या नावापुढे एखादी ओळ. अंडी विकणारी बाई. निवृत्त पोस्टमन. गाण्याच्या क्लासहून परतणाऱ्या दोघी बहिणी. मी म्हटलं, पुढाऱ्याच्या लेखात या लोकांचं काय काम? हे म्हणाले की त्यांचे लेख आपण लिहून ठेवले नव्हते, त्यांचा नुसता आकडा छापला. आता दुसरीकडे कुठे जागा नाही, तर इथे राहू देत.

दर वर्षी तो लेख खणातून बाहेर निघायचा. साहेब काही स्वस्थ बसणारे नव्हते. नवं पद, नवा सन्मान, कुठे पुतळ्याचं अनावरण, कुठे साखर कारखान्याचं अध्यक्षपद. लेख वाढतच जायचा. हे लेख घरी आणून मला वाचून दाखवायचे. मी भाजी निवडत ऐकायची. तो परिच्छेद मला पाठ झाला, पाठ करायचा म्हणून नव्हे, ऐकून ऐकून. पहिल्या वर्षी तो लेखाच्या शेवटी होता. मग मधे आला. मग आणखी वर सरकला. मी विचारलं तेव्हा ह्यांनी सांगितलं की पानावर जागा कमी पडली की उपसंपादक मजकूर खालून कापतो, वाचत बसायला त्याला वेळ नसतो. कात्री खालून चालते. म्हणून जे वाचवायचं ते वर न्यायचं.

"मग सगळ्यात वर न्या ना," मी म्हटलं. "पहिल्या ओळीतच घाला."

हे जरा दुखावल्यासारखे दिसले. "पहिल्या परिच्छेदात माणूस गेला एवढंच सांगायचं असतं. कोण होता, कधी गेला, वय काय. तेवढी जागा मेलेल्याची. मग तो कोणीही असो."

"तुमच्या साहेबांनी त्या अकरा जणांना कुठे जागा सोडली होती?"

"म्हणूनच," हे म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

त्यावरून आमचं बरेचदा वाजलं. परिच्छेद दुसरा झाला आणि दुसराच राहिला.

आमच्याकडे एक शिंपी यायचे. त्यांची बायको त्या छपराखाली गेली होती. बातमीच्या वेळी हे त्यांच्या दुकानात जाऊन बोलले होते, तेव्हापासून ओळख. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खुर्चीच्या कडेला बसायचे, जणू खुर्ची दुसऱ्या कोणाची तरी आहे. ह्यांच्या सदऱ्याची कॉलर उलटून द्यायचे आणि पैशाचं नाव काढलं की उठून उभे राहायचे. जाताना दारात हळूच विचारायचे, "आहेत का अजून?"

"आहेत," हे सांगायचे. "परवाच पूल उघडला."

"तब्येत?"

"ठणठणीत. रोज फिरायला जातात."

मग दोघंही खाली बघायचे. कोणाच्या मरणाची वाट पाहणं दोघांच्याही स्वभावात नव्हतं. एकदा साहेबांना इस्पितळात हलवल्याची बातमी आली. हे वर्तमानपत्र धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, उजळला होता. मग ते त्यांच्या लक्षात आलं. पेपर घडी करून ठेवला आणि दिवसभर उघडला नाही. आठवड्याने साहेब घरी आले. मूतखडा होता.

शिंप्यांना लेखात काय आहे ते ह्यांनी कधी दाखवलं नाही. छापायच्या आधी बाहेरच्याला दाखवायचं नाही, हीसुद्धा रीत. तुमच्या मंडळींचं नाव आहे, एवढंच सांगितलं होतं.

साहेब ठणठणीतच राहिले. दम लागायला लागला तो ह्यांना. आधी जिना चढताना, मग बोलताना, मग नुसतं बसल्या जागी. शेवटी शेवटी उशाला तो लेख होता. साहेबांना कुठल्याशा विद्यापीठाने पदवी दिली होती, ती घालायची राहिली होती. ह्यांनी सांगितली तशी मी लिहून घेतली. "खाली घाल," हे म्हणाले. "अगदी शेवटी. गेली तर जाऊ दे." नव्या संपादकांकडे लेख पोचव, असंही सांगितलं. जुने संपादक कधीच गेले होते; त्यांचा लेख ह्यांनीच लिहिला होता, आणि चांगला लिहिला होता. नवे ह्यांच्या हाताखाली शिकलेले होते.

चित्रगुप्तांचा स्वतःचा लेख मात्र खणात नव्हता. आतल्या पानावर चार ओळी आल्या. त्यात वय चुकलं होतं.

तेराव्या-चौदाव्या दिवशी दारात मोठी गाडी थांबली आणि साहेब आले. फार म्हातारे झाले होते. बरोबरच्यांना त्यांनी बाहेरच थांबायला सांगितलं आणि ह्यांच्या खुर्चीवर बसले. दुसरी खुर्ची रिकामी होती, पण त्यांना काय ठाऊक. तुमच्या यजमानांची लेखणी स्वच्छ होती वगैरे झालं. मी पाणी दिलं. पेला हातात धरून ते म्हणाले,

"माझं लिहून ठेवलंय म्हणतात त्यांनी."

"हो."

"छपराचं आहे?"

मी हो म्हटलं. खोटं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"वर, की खाली?"

वर्तमानपत्रं कशी चालतात ते त्यांना आमच्याइतकंच माहीत होतं. मी म्हटलं, "वर. दुसऱ्या परिच्छेदात."

"पहिल्यात नाही?"

"पहिल्यात नाही. ती रीत नाही म्हणायचे."

त्यांनी पाणी प्यायलं, पेला स्टुलावर जपून ठेवला. "त्यांनी मला विचारायला हवं होतं," असं काहीतरी पुटपुटले. काय सांगितलं असतंत, असं मी विचारलं. ते उठले आणि म्हणाले, "सज्जन माणूस होता." आयुष्यभर ह्यांना लोकांनी बरंच काही म्हटलं, पण तो शब्द त्या तोंडून ऐकताना जेवढा लागला तेवढं काहीच लागलं नव्हतं.

पुढच्या वर्षी साहेब गेले. सकाळी पेपर दारात पडला तो नेहमीपेक्षा जाड होता. मी चष्मा लावला आणि खाली बसूनच उघडला. पहिल्या पानावर साहेबांचा फोटो, खाली लेखक म्हणून ह्यांचं नाव, आणि एक परिच्छेद. ज्येष्ठ नेते, अमुक वय, अल्पशा आजाराने, अमुक पदं. पूर्णविराम. उरलेल्या पानावर, आणि पुढच्या सगळ्या पानांवर, श्रद्धांजलीच्या जाहिराती होत्या. कारखान्याची, बँकेची, पतपेढ्यांची. सगळ्यात मोठी मेहुण्याच्या मुलाची. त्याचं छायाचित्र साहेबांपेक्षा जरा मोठंच होतं.

नवे संपादक दुपारी स्वतः आले. बसले नाहीत. म्हणाले, "काकू, लेख पूर्ण लावला होता. जाहिराती येतच राहिल्या. मालक म्हणाले, एवढीच जागा आहे." त्यांचं बोलणं खरं असावं. पुढारी गेला की लोक जाहिराती देतात त्या त्याच्या वारसांना दिसाव्यात म्हणून. कोणी लेख वाचून कापला असता तर मला भांडता तरी आलं असतं. कोणी वाचलाच नव्हता. कात्री खालून चालत वर आली आणि रीतीप्रमाणे पहिल्या परिच्छेदाशी थांबली. नंतर छापू का, असं त्यांनी विचारलं. पण "मालकांना विचारून" असं पुढे म्हणेपर्यंत त्यांचा आवाज आपोआप खाली आला. मी म्हटलं, तुम्ही जेवून आलात का? ते रडायला लागले.

संध्याकाळी शिंपी आले. वयाने खूप थकले होते, हातात काठी होती. पेपर काखेत होता. दाराशीच म्हणाले, "वहिनी, माझ्या अंकात एक पान कमी आहे वाटतं. तुमच्याकडे पुढचं पान असेल ना?"

मी त्यांना आत घेतलं. पुढचं पान नाही, हे मला सांगावं लागलं. त्यांनी पेपर उलटून पाहिला, पुन्हा सुलटा केला, आणि मग घडी घालायला लागले. कापडाची घालतात तशी, कडेला कड लावून.

"पण त्यांनी लिहिलं होतं ना?" त्यांनी विचारलं.

मग मी म्हटला तो परिच्छेद. बसल्या जागी, कागदाशिवाय. कंत्राट, वाळू, चौकशी. मग नावं. अंडी विकणारी बाई झाली, पोस्टमन झाले, दोघी बहिणी झाल्या. शिंपी गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मी त्यांच्या बायकोचं नाव घेतलं आणि पुढची ओळ म्हटली: नवऱ्याच्या दुकानात काजं करायची, तिच्याइतकी बारीक काजं शहरात कोणाची नव्हती.

त्यांनी हात वर केला.

"बारीक नव्हे," ते म्हणाले. "बारीक मी करायचो. तिची घट्ट असायची. कपडा विरायचा, पण काज सुटायचं नाही. मी त्यांना तसंच सांगितलं होतं. त्यांच्याकडून राहिलं असेल."

इतक्या वर्षांत तो लेख कितीदा खणातून बाहेर निघाला, कितीदा सुधारला, आणि ही एक चूक तशीच राहिली होती. विचारायला हे नव्हते. छापायला जागा नव्हती.

"बदलते," मी म्हटलं.

शिंप्यांनी मान हलवली आणि पेपर मांडीवर ठेवला. मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कंत्राटापासून. त्यांच्या बायकोपाशी आल्यावर घट्ट म्हटलं, आणि मग उरलेली नावंही म्हटली, शेवटपर्यंत.